नाइट्स संपल्यावर वीकेंड मोकळा: झोपू की मित्रांबरोबर जाऊ?

रातकिडा

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय.

उत्तर इंग्लंडमधल्या एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात मेडिसिनला आहे. प्लॅब (बाहेरच्या डॉक्टरांसाठीची इथली परीक्षा) देऊन आलो, ट्रेनिंगचा नंबर अजून लागलेला नाही, त्यामुळे ट्रस्ट ग्रेड, म्हणजे रुग्णालयाने ट्रेनिंगबाहेर थेट नेमलेला डॉक्टर. पुढच्या आठवड्यात सलग नाइट्स (रात्रपाळ्या) आहेत, त्या शुक्रवारी सकाळी साडेनऊला संपतील. मग ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार-रविवार मोकळा. सोमवारी नऊ वाजता परत लाँग डे, म्हणजे लांबलचक दिवसपाळी.

कॉलेजचा जुना कंपू लीड्सपासून ब्रिस्टलपर्यंत विखुरलाय. सगळ्यांचे रोटा (पाळ्यांची वेळापत्रकं) जुळवून त्यांनी पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत ईडेल गावाच्या बाजूला हॉस्टेलात खाटा घेतल्यात. माझीही एक घेतलीय, न विचारता. यातल्या दोघांना मी या देशात आल्यापासून भेटलेलो नाही.

प्रश्न असा की नाइट्सनंतर मी माणसात नसतो. चिडचिड होते, कुणी काही विचारलं तरी राग येतो. आणि घरी राहून तरी काय होतं? दुपारपर्यंत झोप, कपडे धुणं, मग फोन हातात घेऊन पडून राहणं. रविवारी संध्याकाळी झोप झाल्यासारखीही वाटत नाही आणि कुणी भेटलेलंही नसतं.

यातून गेलेल्यांनी काय केलं ते सांगा. 'आरोग्य सांभाळा' हे मी दिवसातून वीस जणांना सांगतो, ते नको.

टवाळ

आरोग्य सांभाळा.

सुगरणचिमणी

जा रे. झोप काय, म्हातारपणी आहेच.

गुंगी

सुगरणचिमणी, म्हातारपणी झोप लागत नाही, आमच्याकडे त्याच तक्रारी येतात. :)

रातकिडा, मी भूलशास्त्रात आहे, इंग्लंडमध्येच. आधी एकच गोष्ट: शुक्रवारी सकाळी वॉर्डातून निघून थेट गाडीत बसून ईडेलला जायचा बेत असेल तर तो आत्ताच रद्द करा. सलग सतरा तास जागं राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी मंदावते, हे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात मोजलं गेलं. स्कॉटलंडमध्ये गाडी चालवण्याची मर्यादा तेवढीच आहे. इंग्लंडची ०.०८, पण त्यात खूश होण्यासारखं काही नाही, चोवीस तास जागे राहिलात तर तीही ओलांडल्यासारखी अवस्था होते. आमच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने थकव्याविरुद्ध मोहीम काढली ती नाइटवरून घरी जाताना अपघातात गेलेल्या एका तरुण सहकाऱ्यानंतर.

आता बेताबद्दल. शुक्रवारी सकाळी घरी जाऊन दिवसभर झोपू नका. दीड ते तीन तास झोपा, गजर लावून उठा, बाहेर उजेडात जा, रात्री लवकर आडवे व्हा. शनिवारी सकाळी बऱ्यापैकी माणसात याल. दुपारची गाडी पकडा. बाकीचे शुक्रवारी जात असतील तर जाऊ देत.

रातकिडा

गाडी नाहीच माझ्याकडे. ट्रेनने जाणार, शेफील्डला बदलून.

शंकासुर

एक बाळबोध शंका. यूकेत डॉक्टरांना आठवड्याला ४८ तासच काम असतं ना? मग हा थकतो कसा? आम्ही आयटीवाले ४८ मध्ये काय काय करतो, आणि कुणी धागे काढत नाही.

टवाळ

तुम्ही आयटीवाले कामाच्या ४८ तासांत धागेच काढता.

गुंगी

शंकासुर, ४८ ही सरासरी आहे. सहा महिन्यांच्या रोटाची बेरीज करून काढलेली. एखाद्या आठवड्यात ७२ पर्यंत जाऊ शकतात, पाळी तेरा तासांपर्यंत, नाइट्स सलग चारपर्यंत. हे सगळं इंग्लंडच्या २०१६ च्या कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं आहे.

आणि रातकिडा, त्यातच एक कलम आहे ते तुमच्या प्रश्नाला नेमकं लागू पडतं. नाइट्स संपल्यावर ४६ तास विश्रांती दिलीच पाहिजे. तुमच्या नाइट्स शुक्रवारी साडेनऊला संपतात. ४६ तास मोजा. रविवारी सकाळी साडेसात येतात. म्हणजे ज्याला तुम्ही 'मोकळा वीकेंड' म्हणताय, त्यातला शनिवार हा सुटी नाहीच, तो नाइट्सचा शेपटीचा भाग आहे. सुटी फक्त रविवार. रोटा बनवणारे मात्र त्याला 'वीकेंड ऑफ' असं हिरव्या रंगात रंगवतात.

शंकासुर

शब्द मागे घेतले.

पायवाट

थांबा थांबा. ऑक्टोबरचा शेवटचा वीकेंड म्हणताय ना? शनिवारी रात्री घड्याळं एक तास मागे जातायत. म्हणजे ते साडेसात नाही, साडेसहाच. तुला एक तास फुकट मिळतोय. ज्यांची त्या रात्री नाइट असेल त्यांना मात्र एक तास जास्तीचा.

ईडेलबद्दल: मँचेस्टर ते शेफील्डच्या होप व्हॅली मार्गावर आहे, शेफील्डहून अर्धा-पाऊण तास. स्टेशनातून उतरलं की डोंगर समोरच, टॅक्सी वगैरे भानगड नाही. कॉलेजचा कंपू किंडर स्काउट म्हणत असेल तर शनिवारी तू जाऊ नकोस. उंची ६३६ मीटरच आहे, सह्याद्री चढलेला माणूस हसेल, पण माथा म्हणजे सपाट, काळ्या चिखलाचं पठार आहे, धुकं आलं की चारही दिशा सारख्या दिसतात. थकलेल्या माणसाचं ते काम नाही. रविवारी हॉलिन्स क्रॉसवरून मॅम टॉरला जा. ५१७ मीटर, माथ्यावर दगडी फरसबंदी वाट, दोन्ही बाजूंना दऱ्या, डोकं अजिबात चालवायला लागत नाही. मात्र रविवारी सूर्यास्त पावणेपाचच्या आसपास होईल, आदल्या दिवशीच्या सवयीने निघालास तर अंधारात उतरशील. हेडटॉर्च ठेव.

वय तिशीच्या आत-बाहेर असेल तर २६–३० रेलकार्ड काढ, एक तृतीयांश भाडं वाचतं.

भटकभवानी

किंडर स्काउटचं नाव निघालं म्हणून राहवत नाही. एप्रिल १९३२ मध्ये मँचेस्टर-शेफील्डकडचे कामगार खासगी शिकारीच्या जमिनीवर मुद्दाम घुसून या पठारावर चालून गेले होते, मास ट्रेसपास म्हणतात त्याला. पाच जणांना तुरुंगवास झाला. बेनी रॉथमन त्यांचा म्होरक्या, तेव्हा विशीत होता. आठवडाभर गिरणीत आणि कारखान्यात घाम गाळून रविवारी डोंगरावर जायला मिळावं, एवढंच मागणं. पीक डिस्ट्रिक्ट १९५१ मध्ये ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, त्यामागे या धडपडीचाही वाटा आहे.

टवाळ

म्हणजे रातकिडा हाही थकलेला कामगारच. जा बाबा, परंपरा पुढे चालव.

हिशेबनीस

मी वेगळं मत मांडतो, शिव्या द्या. वय तरुण आहे, अंगात रग आहे. असा मोकळा वीकेंड दिसला की आमचे ओळखीचे डॉक्टर लोकम शिफ्ट (जादा पैशांच्या बदली पाळ्या) घेतात. एका वीकेंडचे पैसे महिन्याच्या भाड्याच्या जवळपास जातात. पुढे परीक्षांची फी, घरच्यांना पाठवायचे पैसे, घराचं डिपॉझिट. मित्र काय, व्हॉट्सॅपवर आहेतच.

अर्धांगी

हिशेबनीस, शिव्या देत नाही, पण माझ्या नवऱ्याने दोन वर्षं हेच केलं. डिपॉझिट जमलं. त्याच काळात त्याच्या जिवलग मित्राचं लग्न झालं, एकाला मूल झालं, एक ऑस्ट्रेलियाला निघून गेला. आता घर आहे, घरी बोलवायला कुणी नाही. पैसे नकोत असं नाही म्हणत, पण 'नंतर भेटू' या 'नंतर'चा हिशेब कुठल्याच वहीत नसतो.

गुंगी

आणि हिशेबनीस, नाइट्सनंतरच्या ४६ तासांत लोकम घेणं म्हणजे ती विश्रांती विकणं आहे. शिवाय व्हिसावर असलेल्यांना मूळ नोकरीबाहेर आठवड्याला वीस तासांची मर्यादा असते. आधी तपासा, मग घ्या.

हिशेबनीस

मान्य. तरी माझं म्हणणं पूर्ण खोडलं गेलं असं वाटत नाही. थकवा सगळ्यांनाच असतो, पैशाची चणचणही असते.

जुनंखोड

हा धागा वाचून जुने दिवस आठवले. मी ऐंशीच्या दशकात इथे आलो. तेव्हा 'वन इन टू' असायचं, म्हणजे एका आड एक रात्र आणि एका आड एक वीकेंड ऑन कॉल, वर रोजचं दिवसाचं काम वेगळं. शुक्रवारी सकाळी आत गेलेलो सोमवारी संध्याकाळी बाहेर. १९९१ साली 'न्यू डील' आलं तेव्हा आठवड्याला ७२ तास ही मर्यादा आम्हाला चैन वाटली होती. युरोपचा ४८ तासांचा नियम आम्हा डॉक्टरांपर्यंत पूर्णपणे पोहोचायला २००९ उजाडलं.

आता पुढचं वाक्य 'आजची पोरं नाजूक' असं येईल म्हणून वाट बघत असाल. नाही येणार. आमचे तास जास्त होते, पण आम्ही रुग्णालयातच राहत होतो, खोली फुकट, मेसमध्ये जेवण, रात्री दोन वाजताही कुणीतरी पत्ते खेळत बसलेलं. ज्या मित्रांना भेटायला रातकिड्याला ट्रेन बदलून जावं लागतंय ते आमच्या शेजारच्या खोलीत होते. रुग्णही दहा-दहा दिवस वॉर्डात असायचे, रोज नव्याने सगळं सुरू नव्हतं. आता तेरा तासांत आम्ही तीन दिवसांत बघायचो तेवढे रुग्ण येतात-जातात, आणि ड्युटी संपली की पोरगं भाड्याच्या खोलीत एकटं. तास कमी झाले म्हणून थकवा कमी झाला, हे गणित मला पटत नाही.

अनवाणी

काका, +१. हा धाग्यातला पहिला प्रतिसाद जो मी आईला वाचून दाखवला.

तळमजला

अमेरिकेतून. आमच्याकडे आठवड्याला ८० तास, तेही चार आठवड्यांची सरासरी, सात दिवसांत एक सुटी तीही सरासरीने. लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या रुग्णालयात दगावली, तिच्या वडिलांनी डॉक्टरांच्या कामाच्या तासांचं प्रकरण लावून धरलं, त्यातून राज्यात तासांचा नियम झाला. देशभर ८० ची मर्यादा यायला २००३ उजाडलं. त्यामुळे ४६ तास वगैरे वाचून मला परीकथा वाचल्यासारखं वाटतंय. दोन दिवस सलग मोकळे मिळाले तर मी प्रश्न विचारणारच नाही, बॅग भरीन.

वार्डबॉय_नव्हे

आणि मी भारतात, सरकारी कॉलेजात दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट. १९९२ च्या केंद्राच्या परिपत्रकानुसार मला आठवड्याला ४८ तास आणि सलग बारा तासांच्या वर काम नाही. हे मी सलग तिसाव्या तासाला टाइप करतोय. रातकिडा, जा रे. आमच्या वाटचंही भटकून ये.

रातकिडा

सगळ्यांचे आभार. तळमजला आणि वार्डबॉय_नव्हे यांचं वाचून स्वतःची लाज वाटायला लागलीय, हा धाग्याचा उद्देश नव्हता. :)

गुंगीताई, तुम्ही म्हणता ते कॉन्ट्रॅक्ट ट्रेनिंगवाल्यांचं. आम्हा ट्रस्ट ग्रेडवाल्यांना ते आपोआप लागू होत नाही. काही ठिकाणी तसंच्या तसं उचलतात, काही ठिकाणी सोयीचं तेवढं उचलतात.

गुंगी

खरं आहे, ते मी लिहायला हवं होतं. नोकरी घेताना बाहेरून येणाऱ्यांनी हे विचारावंच: रोटा २०१६ च्या नियमांप्रमाणे आहे का, आणि जादा थांबलो तर एक्सेप्शन रिपोर्ट (जादा तासांची अधिकृत नोंद) करता येतो का. पगार सगळे विचारतात, हे कुणी विचारत नाही. आणि नाइटनंतर घरी जाण्याच्या अवस्थेत नसाल तर झोपायची जागा मागा, निदान ट्रेनिंगवाल्यांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये तशी तरतूद आहे. मागायला लाजतात पोरं.

अर्धांगी

मूळ प्रश्नाकडे येते. रातकिडा, तुम्ही 'नाइट्सनंतर मी माणसात नसतो' लिहिलंत. डॉक्टरच्या घरात राहून मला कळलेली गोष्ट सांगते. दमलेल्या डॉक्टरला चालणं, हसणं, खाणं जड जात नाही. ठरवणं जड जातं. रात्रभर हाच ठरवत असतो, कुणाला आधी बघायचं, कुणाला आयसीयूत न्यायचं, कुणाच्या नातेवाइकांना रात्री उठवायचं. त्यानंतर 'जेवायला काय करू' एवढं विचारलं तरी तो तुटून पडतो. पहिलं वर्षभर मला वाटायचं माझ्यावर रागावलाय.

म्हणून मित्रांना सरळ सांगून टाका: मी येतो, पण मला काहीही विचारायचं नाही. कुठली वाट, काय जेवायचं, किती वाजता निघायचं, यातलं काही नाही. ताटात येईल ते खाईन, बोट दाखवाल तिकडे चालेन, आणि बोलता बोलता झोपलो तर पांघरूण घाला. असं सांगता येईल असेच मित्र आहेत ना? नसतील तर घरी झोपा.

सुगरणचिमणी

अर्धांगी, काय लिहिलंयस! हे मी नवऱ्याला छापून देणार आहे. तो डॉक्टर नाही, तरी तुटून पडतो.

बेरकी

मला हे सगळं जरा लाडावणं वाटतंय. मित्रांनी स्वतःचे रोटा जुळवले, खाटा घेतल्या, आता यांना पांघरूणही घालायचं? तेही डॉक्टरच आहेत, तेही दमलेले असतील. मैत्री एका बाजूने चालत नाही. जायचं तर नीट जा, आपला वाटा उचला.

जुनंखोड

बेरकी, मुद्दा बरोबर आहे, पण वाटा एकाच दिवशी समान असावा असं कुठे आहे? या वेळी हा झोपेल, पुढच्या वेळी दुसरा. आमच्या मेसमध्ये असंच होतं. जो नाइटवरून आलाय त्याला चहा करायला कुणी सांगत नसे, आणि तो ठणठणीत असला की त्याच्याकडून दुप्पट वसूल करत.

बेरकी

वसुली असेल तर हरकत नाही.

पायवाट

एक राहिलं. कंपूत सगळे डॉक्टर आहेत म्हणता. आमच्या ग्रुपमध्ये एक नियम आहे, उधार घ्या. जो कामाचा विषय काढेल त्याने त्या वेळची भांडी घासायची. केस, कन्सल्टंट, परीक्षा, व्हिसा, सगळं कामात धरायचं. नाहीतर डोंगरावर बसूनही तीच हँडओव्हर मीटिंग (पाळी बदलताना रुग्ण सोपवण्याची) चालू राहते.

रातकिडा

हा नियम ग्रुपवर टाकलाय. भूलवाल्या मित्राने लगेच 'अन्याय' असं उत्तर दिलंय, यावरून काय ते समजा. ठरलं, जातोय. शनिवारी दुपारची गाडी.

टवाळ

आठवडा झाला. धागाकर्ते जिवंत आहेत का? पठारावर चिखलात रुतले?

रातकिडा

आहे आहे. लाँग डेनंतर लिहायला जमलं नाही.

शुक्रवारी गुंगीताईंच्या सांगण्याप्रमाणे थोडं झोपून उठलो. गजर बंद करून परत झोपायची फार इच्छा झाली होती. तळ्याकाठी जाऊन बसलो, रात्री नऊला आडवा झालो ते थेट सकाळ. शनिवारी पोचलो तेव्हा बाकीचे किंडरवर होते. हॉस्टेलच्या बैठकीत खिडकीजवळ बसून राहिलो. कुणी ओळखीचं नाही, कुणाला माझ्याकडून काही नको, बीप वाजणार नाही. मंडळी संध्याकाळी चिखलाने माखून आली, गुडघ्यापर्यंत. पायवाट यांचा सल्ला पाळल्याचं समाधान झालं.

रात्री गप्पा किती वाजेपर्यंत चालल्या माहीत नाही, मी मध्येच गेलो. पांघरूण घातलं होतं, चेहऱ्यावर दाढी-मिश्याही काढल्या होत्या, बॉलपेनने. रविवारी मॅम टॉर. वारा असा की बोलणं ऐकूच येत नव्हतं, त्यामुळे कुणीच बोललं नाही, सगळे नुसते चालत होतो. अर्धांगी, 'ठरवणं जड जातं' हे वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं. ज्याला मी या देशात आल्यापासून भेटलो नव्हतो तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, म्हणून मी कुणाच्या फोनला उत्तर देत नाही. मला वाटत होतं तो बदललाय.

सोमवारी दमलो होतो का? होय, पाय दुखत होते. पण चिडलो नाही कुणावर.

अर्धांगी

छान वाटलं वाचून. त्या मित्राला मध्ये मध्ये नुसता मेसेज करत राहा, उत्तराची अपेक्षा न ठेवता.

हिशेबनीस

माझा लोकमचा सल्ला ऐकला नाहीत, चांगलं केलंत. खर्च किती आला तेवढं सांगा, नोंदीसाठी.

रातकिडा

खाट आणि रेलकार्डवरचं तिकीट, बाकी सगळं वाटून. पुढच्या वेळी वसुली आहे, बेरकींना कळवा: स्वयंपाक दोन्ही दिवस माझ्याकडे लागलाय.

शंकासुर

भांडी कोणी घासली?

रातकिडा

शनिवारी रात्री भूलवाल्याने. 'अवघड श्वासनलिका' एवढे दोनच शब्द बोलला होता.

गुंगी

त्याच्या वतीने निषेध नोंदवते. हा आमच्यात हवापाण्याचा विषय आहे, कामाचा नाही.